सकाळच्या पाळीची हिरवी चटणी

माझी चटणी हिरवी होती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यातलं लोकांनी बाकी सगळं लक्षात ठेवलं, जंतू, पोटदुखी, आमची भांडणं, आणि माझ्या चटणीचा रंग तेवढा विसरले. कोथिंबीर नुकती वाटल्यावर असतो तो रंग दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, अंधेरीच्या एका औषधांच्या कंपनीच्या कँटीनमध्ये, पावाच्या दोन कापांतून बाहेर डोकावायचा. माझ्या धाकट्या जावेची चटणी उकडून गाळलेल्या भाजीसारखी मळकट दिसायची. आणि जिंकली ती.

आम्ही घाटकोपरला डोंगराच्या उतारावर एका चाळीत राहत होतो. शेजारी शेजारी दोन खोल्या, एकीत आम्ही, दुसरीत दीर आणि जाऊ. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. माझ्या यजमानांची गिरणी केव्हाच बंद पडली होती आणि ते एका गोदामावर राखण करायचे. त्यात घर भागत नव्हतं, म्हणून मी चटणी वाटायला लागले. आधी आमच्याच रस्त्यावरच्या सँडविचच्या दोन गाड्यांना. मग कोणाच्या ओळखीशिवाय, नुसती एक बरणी आणि पावाची लादी घेऊन अंधेरीला त्या कंपनीच्या फाटकावर जाऊन उभी राहिले. वॉचमनने हाकललं. दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या खेपेला कँटीनचा मॅनेजर स्वतः बाहेर आला, चटणी चाखली आणि म्हणाला, "मावशी, भाव बोला." भाव मी असा बोलले की तो हसला, आणि शेवटी जिथे मला त्याला आणायचं होतं तिथेच आला. सकाळच्या पाळीच्या सँडविचची चटणी माझी झाली.

भाव करणं मला येतं, आणि त्याची मला लाज नाही. घाटकोपरच्या मार्केटात भाजीवाले मला लांबून बघून एकमेकांना खुणावायचे. माझी रीत साधी होती. पहिलाच भाव असा मागायचा की समोरच्याचं डोकं क्षणभर चालेनासं व्हायला हवं. थोडं थोडं खाली आणायला गेलात की तो सावध होतो, पाय रोवतो, आणि मग देवसुद्धा त्याला हलवू शकत नाही. एकदम पडलेल्या घावातून तो सावरेपर्यंत जुड्या माझ्या पिशवीत असायच्या. बसमध्येही तेच. डबे बघून कंडक्टर सामानाचं तिकीट फाडायला निघायचा. मी म्हणायची, "हे सामान नाय, माझा डबा हाय. मी जास्त जेवते." साकीनाक्यापर्यंत आमचं भांडण पुरायचं.

तर, चटणी. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, मीठ, थोडी साखर, आणि लिंबू. सगळी गोम लिंबात. संध्याकाळी वाटलेली चटणी दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत टिकवायची तर लिंबू हवंच. पण सगळं लिंबू रात्री पिळून ठेवलं की सकाळपर्यंत रंग जातो, हिरव्याचा मेंदीसारखा होतो. नाहीच पिळलं तर वास येतो. कितीतरी वाटणं फेकून दिल्यावर मला मधली वाट सापडली होती. रात्री निम्मं लिंबू, भांडं पाण्याच्या परातीत, आणि पहाटे निघण्याआधी उरलेलं निम्मं. चवीला भरपूर आंबट, दिसायला हिरवीगार. ही युक्ती मी कोणाला सांगितली नव्हती. यजमानांनासुद्धा वाटायचं की रात्री लिंबू कमी पडलं म्हणून मी पहाटे आणखी पिळते.

जाऊ यात कशी शिरली तेही सांगते. मला एकदा ताप आला, उठवेना. यजमान म्हणाले, धाकटीला सांगू या. ती हसत हसत हो म्हणाली. ती सगळ्याला हसत हसतच हो म्हणते. मी बरी होऊन कँटीनला गेले तर मॅनेजर म्हणाला, "मावशी, तुमची जाऊ फार चांगली हो. आता दुसऱ्या पाळीला पण सँडविच सुरू करतोय, ती चटणी त्यांना देऊ म्हणतो."

"आणि मी काय मेले?" मी म्हटलं.

"तुम्ही सकाळच्या आहातच की. एका माणसावर दोन्ही पाळ्या नको."

फाटकावर तीन खेपा मी घातल्या. हिने एकदा माझे डबे पोचवले आणि हसली.

घरी येऊन मी तिला विचारलं, "तू मागितलीस का गो?"

"नाय हो जाऊबाई, त्यांनीच दिली. नको म्हणू?"

नको म्हण, असं कोण कोणाला तोंडावर सांगतं? मी म्हटलं, "तुझं तू बघ." आणि तिने बघितलं.

माझ्यात आणि तिच्यात फरक असा, की मला प्रत्येक गोष्ट ओढून आणावी लागते आणि तिच्याकडे ती चालत येते. नळाला पाणी कमी असलं तरी तिचा हंडा भरतो, कारण पुढची बाई तिला नंबर देते. दुकानदार तिला उधार द्यायला स्वतः विचारतो. आणि झोप! सकाळी मी अंधेरीहून परत यायची तेव्हा ही केस विंचरत दारात उभी असायची. चटणीचंही तसंच. कोथिंबीर दोघींची मीच आणायची, एकाच गाठोड्यातून, कारण मार्केटात तिला कोणीही फसवलं असतं. संध्याकाळी ती भराभर वाटायची, सगळं लिंबू एकदम पिळून टाकायची, झाकण लावायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिकडे बघायचीसुद्धा नाही. दुपारी डबा उघडला की आत ते मळकट प्रकरण. मी एकदा म्हटलं, "अगं, रंग बघ जरा." ती म्हणाली, "पोटात गेल्यावर कोण बघतो?" मला आतून इतकं बरं वाटलं. म्हटलं, राहू दे अशीच. कँटीनमध्ये माझ्या चटणीला 'सकाळची हिरवी' म्हणायचे. तिच्या चटणीला काहीच म्हणायचे नाहीत.

मग सकाळच्या पाळीची पोटं बिघडायला लागली.

एकदोघांची असती तर कोणी लक्ष दिलं नसतं. पण त्या आठवड्यात पॅकिंग खात्यातली अर्धी माणसं संडासाच्या रांगेत, आणि सगळ्यांनी सँडविच खाल्लेलं. मॅनेजरने मला बोलावलं. औषधांची कंपनी असल्यामुळे तिथे जंतू तपासायची प्रयोगशाळा होती, आणि तिथल्या बाईंना वरून सांगण्यात आलं होतं की कँटीनचं सगळं तपासा. बाई माझ्या भाचीच्या वयाच्या, पांढरा कोट घातलेल्या. बोलायला मऊ, पण एक शब्द मागे घेणार नाहीत अशा. त्यांनी माझी चटणी घेतली, जावेची घेतली, पाणी घेतलं, बटाटा घेतला. आंबटपणा दाखवणारा कागद दोन्ही चटण्यांत बुडवला. कागदाचा रंग दोन्हींत सारखाच आला. मग दोन्ही चटण्या काचेच्या ताटल्यांवर पसरून उबेच्या कपाटात ठेवल्या; जंतू असतील तर ताटलीवर ठिपके उठतील म्हणाल्या.

दोन दिवसांनी ताटल्या स्वच्छ. माझीही, तिचीही.

मी मॅनेजरला जे ऐकवलं ते अख्ख्या कँटीनने ऐकलं. "आपल्या बटाट्याकडे बघा आधी! माझ्या चटणीकडे बोट करताय? एवढं लिंबू आहे तिच्यात, जंतूची काय बिशाद!" खरं सांगायचं तर मला त्या दिवशी एकाच गोष्टीचं वाईट वाटलं होतं, की हिचीही ताटली स्वच्छ निघाली.

पण मधे बंद ठेवलेलं सँडविच पुन्हा सुरू झालं आणि पोटं पुन्हा बिघडली. पुन्हा सकाळचीच. बाईंनी नुसता उकडलेला बटाटा तपासला, काही नाही. पाव तपासला, काही नाही. मॅनेजर डोक्याला हात लावून बसला. "मावशी, बटाटा चांगला, पाव चांगला, चटणी चांगली. मग माणसं काय हवा खाऊन आजारी पडतात?"

बाईंनी आचाऱ्याला विचारलं, सँडविच करता कसं? तो म्हणाला, सकाळी सातला चटणी आली की गरम बटाट्याच्या लगद्यात ती कालवतो, झाकून ठेवतो, अकराला पावात भरतो. दुसऱ्या पाळीलाही तसंच, चटणी दुपारी येते आणि सँडविच संध्याकाळी देतो. बाईंनी ते सगळं लिहून घेतलं आणि गेल्या. आठवड्याभराने आम्हा दोघी जावांना प्रयोगशाळेत बोलावणं आलं.

टेबलावर ताटल्या मांडलेल्या होत्या. जावेच्या नावाच्या स्वच्छ. माझ्या नावाच्या ताटल्यांवर ठिपकेच ठिपके.

मी म्हटलं, "हे काय? त्या दिवशी तर साफ होत्या."

बाई म्हणाल्या, "काकू, या वेळी मी चटणी सरळ ताटलीवर टाकली नाही. आधी जंतूंना आवडेल अशा साध्या पातळ सारात घालून एक रात्र ठेवली. मग ताटलीवर टाकली."

"म्हणजे तुम्ही त्यांना खाऊ घातलंत?"

"हो."

"वा! मेलेल्याला पेज पाजून उठवायचं, आणि मग म्हणायचं बघा, चालतोय!"

जाऊ पदराआड हसली. तिथे हसण्यासारखं काय होतं मला अजून कळलेलं नाही.

बाई रागावल्या नाहीत. "मेलेला पेजेने उठत नाही, काकू. तुमच्या चटणीतले मेले नव्हते. लिंबाने घायाळ झाले होते. ही जी ताटली असते ना, तिच्यात दुसरे जंतू येऊ नयेत म्हणून कडक औषध घातलेलं असतं. धडधाकट असतो तो त्यावर वाढतो. आधीच घायाळ असलेला तिथे वाढत नाही, म्हणून पहिल्या वेळी दिसले नाहीत. पण त्याला आंबट नाही असं काही मिळालं, ऊब मिळाली, थोडा वेळ मिळाला, की तो सावरतो आणि वाढायला लागतो."

"आणि माझ्या चटणीत त्यांना पेज कोण पाजतं?"

"बटाटा," बाई म्हणाल्या. "गरम बटाट्याचा लगदा. सात ते अकरा."

गप्प बसून भाव हातातून जातो, म्हणून मी लगेच जावेकडे बोट केलं. "मग हिच्या चटणीला पण बटाटाच मिळतो. हिचे का नाय उठत? कोथिंबीर एक, मार्केट एक, भाजीवाला एक. हिच्या ताटलीला पण पेज पाजली का?"

"तेवढीच पाजली. त्यांच्यात उठायला कोणी उरलंच नव्हतं. ते का, तेच मला कळत नाहीये. आंबटपणा तुमचा आणि त्यांचा सारखाच आहे. म्हणून तुम्हाला दोघींना बोलावलं. चटणी कशी करता ते सांगा, अगदी पहिल्यापासून."

जाऊ सांगून मोकळी झाली. तिच्याकडे सांगण्यासारखं होतं काय? वाटते, लिंबू पिळते, झाकते, झोपते. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझी युक्ती मी हिच्यासमोर का सांगू? उद्या हिची चटणीही हिरवी झाली, तर माझ्याकडे काय उरलं? मी म्हटलं, "हिला बाहेर पाठवा, मग सांगते."

जाऊ म्हणाली, "अहो जाऊबाई, मी काय चोरणार आहे?"

"चोरायची तुला गरज काय? तुला आणून देतात लोक."

ती उठून बाहेर गेली. मला वाटलं होतं वाद घालेल. व्हरांड्यात जाऊन बाकावर बसली आणि शिपायाशी गप्पा मारायला लागली. मग मी बाईंना सांगितलं, रात्री निम्मं, पहाटे निम्मं. सांगताना माझा आवाज असा होता की जणू दागिना काढून देतेय.

बाई एकदम पुढे सरकल्या. त्यांनी दोनदा विचारलं, "रात्रभर निम्म्याच लिंबात?" मग म्हणाल्या, "मला करून बघायचंय."

मी अट घातली. कोथिंबीर माझी, लिंबं माझी, आणि मी समोर बसणार. उगाच कोणाच्या तरी ताटलीवर माझं नाव नको. बाई लगेच तयार झाल्या, त्यामुळे मला वाटलं की आणखी काहीतरी मागायला हवं होतं. मी जुड्या घेऊन गेले, त्यांच्याच मिक्सरमध्ये वाटल्या. माझ्या चटणीतून निघालेले जंतू त्यांनी दोन वाट्यांत सारखे घातले. एका वाटीत सगळं लिंबू तिथल्या तिथे पिळलं. दुसरीत निम्मं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या स्वतः लवकर आल्या आणि दुसऱ्या वाटीत उरलेलं निम्मं घातलं. मग दोन्हींतलं सारखंच सारात, सारातून ताटलीवर.

मी बघायला गेले तेव्हा जाऊही आली होती, तिला बाईंनीच बोलावलं होतं. एकदम लिंबू घातलेल्या वाटीची ताटली जवळजवळ कोरी. माझ्या पद्धतीच्या वाटीची ताटली भरलेली.

बाई म्हणाल्या, "एकदम आंबट अंगावर आलं, रात्रभर तसंच राहिलं, की यातले बहुतेक मरतात. पण आधी थोडं आंबट मिळालं, मरण्याइतकं नाही, तर त्यांना रात्रभर सवय होते. आतून तयारी करतात. मग पहाटे तुम्ही कितीही लिंबू घाला, ते तग धरतात. घायाळ होतात, पण मरत नाहीत. आणि पहाटेपासून सातपर्यंतचा वेळही त्यांना मारायला पुरत नाही."

तेवढ्यात जाऊ म्हणाली, "जाऊबाई, मार्केटात तुम्ही असं थोडं थोडं कुठे करता? तिथे तर पहिल्या बोलीतच अर्ध्यावर आणता."

ती सहज बोलली असेल. बाईंना हसू आलं. मी तिला म्हटलं, "तुला मार्केटातलं काय कळतं? तुझी कोथिंबीर पण मीच आणते." आणि हे खरंच होतं. पण त्यानंतर बरेच दिवस भाजीवाल्यासमोर उभी राहिले की तिचं ते वाक्य आठवायचं आणि माझी पहिली बोली अडखळायची. बाजारात माझं कोणी एवढं नुकसान केलं नव्हतं.

मी हार मानणाऱ्यांतली नाही. मी बाईंशी भाव करायला बसले. "रात्री लिंबू नकोच घालायला. पहाटे ताजी वाटते, सगळं लिंबू एकदम घालते. अकरापर्यंत रंग टिकतो."

"लिंबाला काम करायला वेळ लागतो, काकू. सातला ती बटाट्यात जाणार."

"आचाऱ्याला सांगा, अकराला कालवायची."

"तेही सांगणारच आहे. पण तेवढ्यावर मी सोडणार नाही. पहाटेपासून अकरापर्यंतचे तास पुरतील की नाही, मला खात्री नाही."

"मग लिंबू दुप्पट घालते."

"तोंडात घालवेल का?"

"मग पाऊण लिंबू रात्री. पाऊण! निम्म्याला सवय होते, पाऊणला कशी होईल?"

"काकू," बाई म्हणाल्या, "सगळं लिंबू, एकदम, आदल्या संध्याकाळी. जंतू येतात ते मातीतून, पावसाळ्यात जास्त, म्हणून कोथिंबिरीची मुळं कापून, तीन पाण्यांनी धुऊन. आणि रंग जाईल तो जाऊ दे."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर असं कोणी बसलं होतं ज्याला माझ्याकडून काहीच नको होतं. अशा माणसाशी भाव होत नाही.

आता राहिलं ते मॅनेजरचं. त्याने आम्हा दोघींना कँटीनमध्ये बसवलं, चहा दिला. त्याने चहा दिला तेव्हाच मी समजले.

"मावशी, राग मानू नका. वरून मला विचारतात. ज्यांच्या चटणीत काही निघालं नाही त्यांनाच दोन्ही पाळ्या द्या म्हणतात. आता तुमच्या मेहनतीचं मला माहीत आहे, पण..." असं काहीबाही बोलत तो जावेकडे वळला. "तुम्ही घ्याल ना ताई, सकाळचीपण?"

या कँटीनचं फाटक मी उघडलं होतं. सँडविचच्या गाड्या मी कधीच सोडून दिल्या होत्या, या एका कामाच्या भरवशावर. सकाळची पाळी गेली की मी परत रस्त्यावर. आणि ही, ज्यात काही कसब नाही अशी चटणी करणारी, दोन्ही पाळ्यांची मालकीण. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काहीतरी फेकून मारलं असतं.

ती म्हणाली, "नको हो साहेब. पहाटे उठून यायचं मला नाय जमत. सकाळची जाऊबाईंनाच द्या. त्या आता करतील सगळं लिंबू घालून. बाईंनी तपासून घ्यावी वाटलं तर."

"अहो, पण वरून..."

"मग दुसऱ्या पाळीची पण नको मला." हे तिने हसतच सांगितलं.

मॅनेजर गडबडला. दोन्हीकडून चटणी बंद झाली असती तर दुसऱ्या दिवशी त्यालाच पावावर मीठ लावून द्यावं लागलं असतं. त्याने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, नव्या पद्धतीने केली आणि माझ्या तपासणीत उतरली तर माझी काही हरकत नाही. सकाळची पाळी माझ्याकडे राहिली.

साकीनाक्यापासून बस रेंगाळत होती आणि आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. पहाटे उठणं जमत नाही! दीर त्या वर्षी रोज पहिल्या बसने अंधेरीलाच कामाला जायचे, त्याच रस्त्याने. रात्री करून ठेवलेले डबे ते फाटकावर देऊन पुढे गेले असते आणि हिला कूससुद्धा बदलावी लागली नसती. हे तिला माहीत होतं. मला माहीत होतं. हिला उठायचा कंटाळा म्हणून हिने सोडली असती, तर मी हिला आळशी म्हणून मोकळी झाले असते. पण बसमध्ये मला कळून चुकलं की हिने ती पाळी मला दिली. मी मिळवलेली गोष्ट हिने मला दिली! घाटकोपर येईपर्यंत माझं डोकं फुटायची वेळ आली. आभार मानावेत हे मला कळत होतं. तोंड उघडलं आणि शब्द निघाले ते असे: "उद्या तुझ्या जुड्या तूच आण मार्केटातून."

"बरं," ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने तिला माझ्या भावातच दिल्या. वर कढीपत्ता फुकट.

नवी चटणी मी बाईंच्या सांगण्याप्रमाणे केली. मुळं कापली, तीन पाण्यांनी धुतली, सगळं लिंबू एकदम पिळलं. पिळताना डोळ्यांदेखत काही होत नाही. सकाळी झाकण काढलं तर रंग गेलेला. बाईंनी तपासली, सारात ठेवून तपासली, ताटली कोरी. मी चटणी घेऊन कँटीनला गेले आणि अकरा वाजता मुद्दाम आचाऱ्याच्या दारात उभी राहिले.

पॅकिंगमधला एक माणूस होता, मला बघितलं की ओरडायचा, "मावशी, आज हिरवी जास्त मारा!" त्याने त्या दिवशी मला बघितलं नाही. सँडविच उघडून आत पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "आज दुसऱ्या पाळीवाल्या ताईंची चटणी दिलीये वाटतं रे. बरी लागते ही पण."

"माझी आहे ती!" मी म्हटलं.

तो दचकून वळला. "तुमची? मग रंग असा का झाला मावशी?"

काय सांगणार? निम्मं लिंबू, सगळं लिंबू, सवय झालेले जंतू, घायाळ जंतू, बटाट्याची पेज? अकराच्या सुट्टीत एवढं ऐकायला कोणाला वेळ असतो? मी म्हटलं, "खा गप."

त्याने खाल्लं. आणखी एक मागून घेतलं. त्याचं पोट बिघडलं नाही, पुढेही कोणाचं बिघडलं नाही. त्या कँटीनला मी आणखी बरीच वर्षं चटणी दिली आणि एकदाही तक्रार आली नाही. याचं मला समाधान वाटायला हवं, आणि वाटतंही. पण 'सकाळची हिरवी' असं पुन्हा कोणी म्हणालं नाही. दोन्ही पाळ्यांची चटणी एकाच रंगाची झाली, आणि तो रंग तिचा होता.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी ती दारात केस विंचरत उभी होती. "कशी झाली चटणी, जाऊबाई? आवडली का लोकांना?"

"संपली," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.